स्वप्नांतला चहा

गेलेलें माणूस स्वप्नांत आलें कीं त्याला कांहींतरी हवें असतें, अशी आमच्या आजीची पक्की समजूत होती. तिला असें स्वप्न पडलें कीं दुसऱ्या दिवशीं त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ घरांत होई, पहिलें पान दारीं आलेल्या याचकास मिळे, आणि आम्हां मुलांचीही चंगळ होई. कॉलेजांत गेल्याबरोबर ही समजूत आम्हीं हंसून सोडून दिली. परंतु गेल्या आश्विनांत आमची आई आमच्या स्वप्नांत आली. ती कांहीं मागावयास आली नव्हती. उलट तिनें आम्हांस चहा दिला. त्या एका पेल्यानें आमच्या मनाची घडी विस्कटली. ती कशी विस्कटली हें सांगावें, आणि सांगतां सांगतां ती पुन्हां नीट घालतां येते कीं काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

स्वप्न असें होतें. जुन्या वाड्यांतलें स्वयंपाकघर. खिडकींतून कोंवळें ऊन तिरकें आंत आलें आहे व त्यांत वाफ तरंगत आहे. मांडणीवरचीं तांब्यापितळेचीं भांडीं सोन्यासारखीं झळकत आहेत. आई चुलीपासून उठते, दोन्ही हातांच्या ओंजळींत पेला धरून आमच्याकडे येते, तो आमच्या हातीं देते, आणि केंसांवरून हात फिरवून हंसते. बोलत मात्र कांहींच नाहीं. आम्ही जागे झालों तेव्हां उशी ओली झाली होती. आईला जाऊन आतां चाळीस वर्षें होत आलीं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानें आईसाठीं रडावें याची त्या क्षणीं लाज वाटली नाहीं. इतक्या वर्षांनीं कां होईना, ती आली, याचेंच समाधान वाटलें.

आमचें कुटुंब अजून एकत्र म्हणण्यासारखें आहे. वाडा पाडून त्या जागीं इमारत झाली, तिघां भावांचीं बिऱ्हाडें तीन मजल्यांवर गेलीं. पण सकाळचा पहिला चहा दादांच्या घरीं सर्वांनीं मिळून घ्यावयाचा, हा नियम मोडलेला नाहीं. त्या दिवशीं चहा घेतां घेतां आम्हीं स्वप्न सांगितलें. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. दादांनीं हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवलें. धाकट्या भावाला तर क्षणभर आमचा हेवाच वाटला असावा. तेवढ्यांत दादांची सोळा वर्षांची नात म्हणाली, “नानाआजोबा, उन्हाची तिरीप, वाफ, पितळेचीं भांडीं आणि केंसांवरून हात फिरवणारी आई, ही तर त्या चहाची जाहिरात!”

“काय ग हें! असें बोलावें का?” वहिनी म्हणाल्या. पोर ओशाळली. पण आम्हींच तिला ती जाहिरात दाखवावयास सांगितलें. तिनें फोन पुढें केला. अर्ध्या मिनिटाचें तें चित्र. तेंच ऊन, तीच वाफ, तीच मांडणी. पेला पुढें करितांना मान किंचित् कलती करण्याची ढबसुद्धां तीच. चेहरा तेवढा आमच्या आईचा होता. बाकी सर्व सामान चहावाल्यांच्या दुकानांतलें!

त्या दुपारीं आम्हीं मनाशीं हिशेब मांडला. आमच्या वाड्यांतलें स्वयंपाकघर आंतल्या अंगाला होतें. तेथें दिवसा दिवा लावावा लागे, आणि भिंती धुरानें काळवंडलेल्या होत्या. पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून झळकत तीं दिवाळीच्या आधींचे चार दिवस. आई चहा करी ती स्टोव्हवर, आणि गाळी ती फडक्यानें. त्या तपकिरी फडक्याचा वास आम्हांस अजून ओळखतां येईल. तो चहा थोरांसाठीं असे. मॅट्रिक होईपर्यंत आम्हां मुलांस दूधच मिळे, आणि दुधावरची साय नको म्हटलें तर टपली मिळे. आई नेहमीं गडद रंगाचें लुगडें नेसे. स्वप्नांतली आई लाल कांठाच्या पांढऱ्या शुभ्र पातळांत होती. आणि केंसांवरून हात? तो आठवेना. कितीही मागें गेलों तरी आठवेना. मग आम्ही रडलों तें कोणासाठीं?

आम्ही जाहिराती पाहत नाहीं, असें आम्ही आजवर अभिमानानें सांगत आलों. दूरदर्शन-संचावर बातम्या ऐकतांना मध्यें जाहिराती लागल्या कीं आम्ही डोळे मिटतों किंवा पुस्तकांत मान घालतों. पण त्या दिवशीं स्वयंपाकघरांत जाऊन पाहिलें तों डब्यांत चहा त्याच छापाचा! आणतो कोण? तर आम्हीच. “अहो, आपला नेहमींचा चहा सोडून हा कां?” असें सौभाग्यवतींनीं मागें एकदां विचारलें होतें. तेव्हां आम्हीं तत्काळ तीन कारणें दिलीं होतीं: रंग चांगला सुटतो, कडक होतो, भावही माफक. तीन्ही कारणें खरीं होतीं. फक्त तीं मागाहून आलेलीं होतीं. वाण्यानें “कोणता देऊं?” म्हणतांच जिभेवर जें नांव आलें, त्याचा आणि या कारणांचा कांहीं संबंध नव्हता.

तेव्हांपासून आम्हीं या विषयावरील वाचन सुरू केलें. आमच्या शास्त्रकारांना जागृति, स्वप्न व सुषुप्ति या अवस्थांचा विचार नवा नव्हता, आणि अनुभव संपला तरी त्याचा संस्कार चित्तांत उरतो हेंही योगशास्त्राला ठाऊक होतें. मनीं वसे तें स्वप्नीं दिसे, ही म्हण तर आपण सर्वच वापरतों. प्रश्न एवढाच, कीं मनांत वसावयास येणाऱ्याला जागा देतो कोण?

व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत बाहेर पडला. प्रकाशकानें त्यावर साल मात्र १९०० छापलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं प्रत्येक स्वप्नांत आदल्या दिवसाचें कांहीं शिळें सामान सांपडतें, आणि तें बहुधा क्षुल्लक असतें. मनाच्या तळाशीं दडलेली मोठी इच्छा असलीं क्षुल्लक चिंध्यांचीं वस्त्रें पांघरून रात्रीं रंगभूमीवर येते. त्याच शहरांतील ऑटो पोट्झल यांनीं १९१७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं माणसांस एक चित्र निमिषमात्र दाखविलें, दिसलें तेवढें काढावयास सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचीं स्वप्नें विचारलीं. ज्या गोष्टी कागदावर उतरल्या नव्हत्या, त्या स्वप्नांत आलेल्या आढळल्या. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढें आक्षेप घेतले गेले हें खरें; पण फ्रॉइड यांनीं आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तींत त्याची नोंद घेतली.

याहून अलीकडची गोष्ट अधिक विलक्षण आहे. २००० सालीं हार्वर्ड येथील रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं लोकांस टेट्रिस नांवाचा, वरून खालीं घसरणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ खेळावयास लाविला. त्यांत पांच जण असे होते, कीं मेंदूच्या विकारामुळें त्यांस नवी आठवण टिकवितांच येत नसे. आपण तो खेळ खेळलों हेंही ते विसरून जात. तरी झोंप लागतां लागतां त्या पांचांपैकीं तिघांना घसरणारे ठोकळे दिसले! स्मरणाच्या वहींत नोंद नाहीं, आणि माल मात्र कोठारांत पडलेला आहे, असा हा प्रकार. हें वाचल्यावर डोळे मिटून जाहिरात टाळण्याच्या आमच्या युक्तीची आम्हांसच कींव आली. डोळे मिटण्यापूर्वीं अर्धा क्षण तरी आम्ही तें चित्र पाहतच होतों, आणि कान तर मिटतां येतच नाहींत.

मग हे जाहिरातवाले जादूगारच म्हणावयाचे काय? तसेंही नाहीं. १९५७ सालीं अमेरिकेंत जेम्स व्हायकरी नांवाच्या गृहस्थानें जाहीर केलें, कीं न्यू जर्सींतील फोर्ट ली येथील चित्रपटगृहांत आपण सहा आठवडे पडद्यावर, सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरतीं, लाह्या खा आणि कोका-कोला प्या अशीं वाक्यें चमकविलीं, व त्यामुळें दोन्हींचा खप वाढला. साऱ्या जगांत हाहाकार उडाला. परंतु प्रयोग पुन्हां करून पाहतां कांहींच निष्पन्न झालें नाहीं, आणि १९६२ सालीं त्यानें स्वतःच कबूल केलें, कीं आपल्याजवळची माहिती निष्कर्ष काढण्याइतकी नव्हतीच. ती गोष्ट खोटी ठरली. पण ती ऐकलेल्यांपैकीं पुष्कळांना ती अजून खरी वाटते. याचें कारण उघड आहे. कोणीतरी मंत्र टाकून आपणांस फसविलें असें मानणें सोयीचें असतें. त्यांत आपला वांटा शून्य राहतो.

खरी रीत याहून साधी असते. फ्रॉइड यांचे भाचे एडवर्ड बर्नेज यांनीं अमेरिकेंत प्रचाराचा धंदा उभारला. सिगारेटी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला बायकांनींही रस्त्यांत सिगारेट ओढावी असें वाटत होतें. बर्नेज यांनीं मनोविश्लेषण जाणणाऱ्या डॉक्टर ब्रिल यांचा सल्ला घेतला, आणि १९२९ सालच्या ईस्टरच्या दिवशीं न्यूयॉर्कच्या मिरवणुकींत तरुण स्त्रियांना सिगारेटी पेटवून चालावयास लाविलें. त्या सिगारेटींस नांव दिलें स्वातंत्र्याच्या मशाली! तंबाखूच्या चवीविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. स्त्रियांच्या मनांत स्वातंत्र्याची इच्छा आधींच होती; तिच्या शेपटाला सिगारेट बांधली, इतकेंच.

आणि जेथें इच्छा नसते तेथें केवळ परिचय पुरतो. रॉबर्ट झायन्स यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें, कीं अर्थहीन शब्द व अनोळखी चेहरे नुसते वारंवार समोर आले तरी ते माणसाला चांगले वाटूं लागतात. १९८० मधील प्रयोगांत तर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं आकृति इतक्या झटक्यांत दाखविल्या, कीं पाहणाऱ्यांस मागाहून त्या ओळखतांही येईनात. पण पसंती विचारतां कौल बहुधा पाहिलेल्या आकृतींकडेच पडला. वाण्याच्या दुकानांत आमच्या जिभेवर आलेल्या नांवाचें मूळ आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

कोणी म्हणेल, आजकालच्या पिढीचें हें वेड. जुन्या काळीं असें नव्हतें. आम्हांसही तसें वाटलें होतें, म्हणून आम्हीं चहाचाच इतिहास चाळला. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें तें सर्वश्रुत आहे. तंटा पेयापेक्षां तें कोणाच्या घरीं घेतलें याचा होता. त्या काळीं आपल्या बहुतेक घरांत चहाचें भांडेंच नव्हतें. १९०३ सालीं कायद्यानें निर्यातीच्या चहावर पट्टी बसली आणि तिच्या पैशांतून चहाचा प्रचार करण्याची सोय झाली. पुढें मंदीच्या काळांत परदेशीं माल खपेना, तेव्हां १९३० नंतर ती सारी शक्ति हिंदुस्थानांतल्याच लोकांकडे वळली. चहा कसा करावा याचीं प्रात्यक्षिकें झालीं, आगगाडीच्या स्टेशनांवर मुलाम्याच्या पाट्या लागल्या. आमच्या आजीला तिच्या लहानपणीं चहा माहीत नव्हता, आणि आमच्या आईचा मात्र चहावांचून दिवस उजाडत नसे. म्हणजे आईच्या हातचा चहा ही जी आमची घरगुती ठेव, तिच्याही मुळाशीं एक जाहिरात होतीच! फरक एवढाच, कीं त्या चहांत पुढें तीस-चाळीस वर्षें आईचे श्रम मिसळले, आणि तो आमचा झाला.

या सर्व वाचनांत एका प्रयोगानें आम्हांस खरें अस्वस्थ केलें. २००६ सालीं नेदरलंड्समध्यें कांहीं संशोधकांनीं एका थंड चहाच्या पेयाचें नांव माणसांना, त्यांच्या नकळत, पडद्यावर क्षणमात्र दाखविलें. त्यानंतर तें पेय निवडण्याकडे कल झाला, पण कोणाचा? ज्यांना आधींच तहान लागलेली होती त्यांचा. ज्यांना तहान नव्हती त्यांच्यावर त्या नांवाचा प्रभाव पडला नाहीं.

हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. जाहिरात आमच्या स्वप्नांत शिरली हा दोष सर्वस्वीं जाहिरातीचा कसा? त्याच जाहिराती दादांनीं पाहिल्या, धाकट्यानें पाहिल्या. त्यांच्या स्वप्नांत कोणी आलें नाहीं. तहान आमची होती. आईनें कधीं जवळ घेतलें नाहीं, हें शल्य आम्ही लहानपणापासून बाळगून होतों, आणि तें आहे हेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. घरच्या माणसांना नाहीं, बायकोला नाहीं, आमचें आम्हांलाही नाहीं. तें मुंबईच्या कोठल्या तरी कचेरींत बसलेल्या परक्या माणसाला मात्र कळलें! अर्थात् त्याला आम्ही ठाऊक नव्हतों. त्याला एवढेंच ठाऊक होतें, कीं आपल्या घरांतून असे मुलगे पुष्कळ असतात.

भाऊबीजेला आक्का आली. ती आमच्याहून आठ वर्षांनीं मोठी. ओवाळणी झाल्यावर आम्हीं तिला सर्व हकीकत सांगितली आणि शेवटीं विचारलें, “आक्का, आईनें माझ्या केंसांवरून कधीं हात फिरवला होता का ग?”

“आईनें? अरे, तिला वेळ कुठें होता! दहा माणसांचा स्वयंपाक, सोवळें-ओवळें, वर आजीचा धाक. मूल मांडीवर घेतलेलें दिसलें कीं आजी म्हणायची, पोर लाडावेल.” आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण नाना, तुला मुदतीचा ताप आला होता तें आठवतें? आठ वर्षांचा होतास तूं. अठरा दिवस शुद्ध नव्हती धड. दिवसा तिला कामें सुटत नसत. रात्रीं सगळें निजलें कीं ती तुझ्या उशाशीं बसायची, कपाळावरच्या पट्ट्या बदलायची, आणि तुझ्या केंसांतून हात फिरवायची. मीं पाहिलेंय ना! तूं जरा हललास कीं हात काढून घ्यायची. बांगड्या वाजून तूं जागा होशील म्हणून त्या पार कोपरापर्यंत वर सारलेल्या असायच्या.”

आम्हांस बोलतां येईना. वाचकहो, येथें आमच्या कथेचा सुखान्त करणें सोपें होतें. ज्या मनानें न कळत पाहिलेली जाहिरात सांठविली, त्याच मनानें तापाच्या ग्लानींतला आईचा हातही सांठविला असेल. जाहिरातीनें ऊन आणि भांडीं पुरविलीं, हात मात्र आईचाच होता, असें आम्ही म्हणूं शकतों. तसें म्हणावें असें फार वाटतें. आणि फार वाटतें म्हणूनच आम्ही जपून आहों. तहानेल्या माणसानें आपल्या साक्षीवर किती विसंबावें? आक्कालाही ऐंशी वर्षें झालीं. आमचें स्वप्न ऐकल्यावर तिची आठवण त्या स्वप्नाच्या सांच्यांत ओतली गेली नसेल असें छातीठोकपणें कोण सांगणार? एवढें मात्र खरें, कीं त्या जाहिरातींतल्या आईच्या बांगड्या मंजुळ वाजतात. बांगड्या वर सारून ठेवणारी आई कोणत्याही जाहिरातींत नाहीं.

२०२१ सालची एक गोष्ट सांगून हें संपवितों. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील एका मद्यकंपनीनें, झोंपण्यापूर्वीं एक चित्रफीत पाहून रात्रभर तिचे ध्वनि ऐकले तर आपल्या मालाचें स्वप्न पडेल, असा प्रयोग जाहिरातीसाठीं केला. जूनमध्यें चाळीसएक निद्राशास्त्रज्ञांनीं प्रकट पत्र काढून अशा उद्योगांस आळा घालण्याची मागणी केली. ती मागणी रास्तच आहे, आणि कायदा करणाऱ्यांनीं तो करावा. पण कायदा दाराशीं पहारा करील. घरांतली रिकामी खोली भरण्याचें काम त्याचें नव्हे. आपल्या घरांतून गेलेल्या माणसांचे फोटो असतात, श्राद्धें होतात, नांवें मुलांना ठेवलीं जातात. त्यांच्याविषयीं बोलणें मात्र फार थोडें होतें. त्यांच्या आठवणीची जागा आपण ओसाड ठेवली, तर तेथें कोणीतरी सुंदर पाटी लावणारच.

आमच्या डब्यांतला चहा अजून त्याच छापाचा आहे. तो चहा वाईट नाहीं. दादांनीं मात्र एक नवा नियम केला आहे. सकाळच्या चहाला रोज एकानें आईची एक खरी गोष्ट सांगावयाची, गोड असो वा कडू. आणि नातीनें ती वहींत लिहून ठेवावयाची. पहिल्या पानावर तिनें बांगड्यांची गोष्ट लिहिली. लिहितां लिहितां तिनें विचारलें, “नानाआजोबा, पणजीच्या त्या बांगड्या सोन्याच्या होत्या कीं कांचेच्या?”

तिघां भावांपैकीं एकालाही सांगतां येईना. शेवटीं आक्काला फोन केला. ती म्हणाली, “कांचेच्या. हिरव्या. सोन्याच्या पाटल्या दादाच्या कॉलेजच्या फीसाठीं त्याच वर्षीं मोडल्या होत्या ना!”

दादांना ही गोष्ट त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. त्यांचा चहा तसाच निवून गेला.